काकाकुवा आणि काजू

आमच्या घरी एक पिंजरा आहे. तारांचा, वरून घुमटासारखा गोल, दाराची कडी गंजलेली. त्याचं बूड केव्हाच गळून गेलं. दिवाळीच्या आसपास आई मिरचीचा तरवा टाकते, तेव्हा कोंबड्यांनी उकरू नये म्हणून तो पिंजरा वाफ्यावर ठेवते. आत हिरवे कोंब, बाहेर कोंबड्या.

माझ्या लहानपणी त्यात मिठू होता. शेजारच्या वाडीतला एक माड वीज पडून वठला होता. त्याचा शेंडा गेलेला, नुसता बुंधा उभा. त्याच्या ढोलीतून वाडीतल्या पोरांनी पिल्लं काढली आणि त्यातलं एक आमच्याकडे आलं. तेव्हा ते पोपटासारखं दिसतही नव्हतं. लाल कातडी, मोठं डोकं, पिसांच्या जागी नुसत्या काड्या. आईनं त्याला मऊ भात भरवून वाढवलं. पुढे तो एकच वाक्य शिकला, "कोण ता?" ओटीवर कोणीही चढलं की आतून प्रश्न यायचा आणि नवखा माणूस आपलं नाव-गाव सांगायला लागायचा. सात वर्षं तो आमच्याकडे होता. त्या सात वर्षांत तो कधी उडाला नाही. पंख कापलेले होते. तो गेला त्या दिवशी आईनं त्याला तुळशीच्या मागे पुरलं. पोपट पाळणं हा गुन्हा आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पण गुन्हा हा शब्द कळायच्या आधीच त्याच्या त्या कापलेल्या पंखांचं मला वाईट वाटत होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

मिठूच्या वाटीत काय असायचं? मिरची, पेरूची फोड, भिजवलेले शेंगदाणे. मिरची तो चवीनं खायचा, कारण पक्ष्यांच्या तोंडाला मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. मिरची, पेरू, भुईमूग ही तिन्ही झाडं मुळात अमेरिका खंडातली आहेत, हे कळलं तेव्हा मला त्या वाटीचं नवल वाटलं. अस्सल मालवणी पोपट आणि त्याचं सगळं जेवण साता समुद्रापलीकडचं! मग त्या खंडातले पोपट कुठे गेले? तिथलं इतकं सगळं आमच्या परसात रुजलं, ते तेवढे का आले नाहीत?

शाळेत भिंतीवर पक्ष्यांचा रंगीत तक्ता होता. मोर, घार, कावळा, पोपट आणि शेवटच्या रांगेत एक भलामोठा देखणा पक्षी. लाल, निळा, पिवळा, पोपटाच्याच चोचीचा, शेपूट हातभर. खाली छापलेलं होतं, काकाकुवा. ते नाव मला फार आवडायचं. त्यात काका होता, कुठेतरी कावळाही होता, आणि म्हणताना तोंडात गोल फिरायचं. कित्येक वर्षं मला तो पक्षी त्याच नावाचा वाटत होता. त्या चित्राखाली दुसऱ्याच पक्ष्याचं नाव होतं.

काकाकुवा हा शब्द मुळात मलाय भाषेतला, काकातुवा. हिंदीनं तो काकातुआ असा जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. मराठी जिभेनं मधला 'तु' काढून तिथंही 'कु' बसवला आणि शब्दाला झोका दिला. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची नोंद आहे. मलाय भाषेचे जाणकार क्रॉफर्ड यांचा दाखला देऊन तिथं म्हटलंय की शब्दाचा मूळ अर्थ पकड, आणि तोच पक्ष्याला लागला. इंडोनेशियात आजही खिळे उपटायच्या पकडीला हाच शब्द आहे. ज्यानं पोपटाच्या चोचीत एकदा बोट दिलंय त्याला हे पटवून द्यायला नको. मी दिलेलं आहे.

पण ही पकड ज्या पक्ष्याची, तो पांढरा आहे. डोक्यावर तुरा, मनात आलं की पंख्यासारखा उघडणारा. शेपूट आखूड. मोलुक्का बेटं, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स या बाजूचा. म्हणजे आपल्या पूर्वेचा. तक्त्यावरचा लाल-निळा-पिवळा पक्षी होता अमेरिकेतला, ज्याला आता वर्तमानपत्रं मकाऊ म्हणतात. एक जगाच्या या टोकाचा, दुसरा त्या टोकाचा. मराठीनं दोघांना एका नावात कोंबलं, कारण दोघंही मोठे, महाग आणि दुसऱ्याच्या घरचे. एखाद्या गोष्टीबरोबर राहिल्याशिवाय भाषा तिच्यासाठी बारीक शब्द करत नाही. माडाच्या झावळीच्या प्रत्येक भागाला आमच्याकडे वेगळं नाव आहे. पीड, चूड, हीर, झाप. हजारो मैलांवरच्या दोन पक्ष्यांना मिळून एकच.

पांढरा काकाकुवा फार जुना प्रवासी. तेराव्या शतकात इजिप्तच्या सुलतानानं सम्राट दुसरा फ्रेडरिक याला असा एक पक्षी भेट दिला होता आणि त्याची चित्रं फ्रेडरिकच्या पक्षी-शिकारीवरच्या ग्रंथात आजही पाहायला मिळतात. पोर्तुगीज या समुद्रात यायच्या अडीचशे वर्षं आधीची ही गोष्ट. लवंग आणि जायफळ ज्या वाटेनं पश्चिमेला जात त्याच वाटेनं हा पक्षी गेला. पुढे सतराव्या शतकात मोलुक्का डचांच्या हाती होतं, आणि त्याच डचांची वखार आमच्या वेंगुर्ल्यात होती. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांच्यावर वडाची मुळं उतरलेली आहेत. वेंगुर्ल्याच्या बंदरावर तेव्हा मोलुक्काचं नाव रोजच्या बोलण्यात असणार.

*

दुसऱ्या बाजूची गोष्ट मला जास्त ओढते.

9 मार्च 1500 रोजी पेद्रो आल्व्हारिश काब्राल तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. त्याला यायचं होतं कालिकतला. वारा धरण्यासाठी जहाजं पश्चिमेला इतकी लांब गेली की 22 एप्रिलला समोर जमीन दिसली. ते ब्राझील. काही दिवस तिथं थांबून काफिला पुन्हा आपल्या दिशेला वळला आणि सप्टेंबरमध्ये उरलेली सहा जहाजं कालिकतला लागली. म्हणजे ब्राझीलचा किनारा आणि आपला पश्चिम किनारा पोर्तुगिजांनी एकाच सफरीत गाठला.

त्या जहाजांवर पेरु व्हाश द कामिन्या नावाचा लेखनिक होता. कालिकतच्या वखारीत त्याला नोकरी करायची होती. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून त्यानं राजाला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तिथली माणसं आहेत, झाडं आहेत, आणि मोठे, सुंदर, लाल पोपटही आहेत. खलाशांनी वस्तू देऊन पोपट घेतले हेही त्यानं टिपून ठेवलंय. पत्र एका जहाजानं पोर्तुगालला परत गेलं. लिहिणारा पुढे आला. डिसेंबरमध्ये कालिकतच्या वखारीवर हल्ला झाला, त्यात तो मारला गेला असं मानतात. ब्राझीलच्या त्या लाल पोपटांबद्दल ज्यानं पहिल्यांदा कागदावर लिहिलं त्याची माती आपल्याच किनाऱ्याला मिळाली. मला हे वाचून कित्येक दिवस चैन पडलं नव्हतं.

युरोपात त्या नव्या मुलखाला सुरुवातीला लोक पोपटांचा देशच म्हणत. 1502 सालचा कान्तिनो नावाचा नकाशा इटलीत मोदेना इथं जपून ठेवलाय. त्यावर ब्राझीलच्या जागी मोठे रंगीत पोपट काढलेत. त्याच नकाशावर पलीकडे आपला पश्चिम किनारा आहे. चित्रकाराला एका कुंचल्यानं दोन्ही किनारे गाठता आले.

1510 साली गोवा पोर्तुगिजांकडे गेला आणि मग सामान यायला लागलं. ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेत एका झाडाला आकाजू म्हणत. पोर्तुगिजांनी त्याचं काजू केलं, आणि आम्ही तो शब्द झाडासकट घेतला. अननसही तिकडचाच, झाड आणि नाव दोन्ही. आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेली 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' ही कलमं जिल्हाभर डोंगर धरून आहेत. मार्च-एप्रिलमध्ये बोंडूचा आंबूस वास घाटीवर भरून राहतो, ओल्या काजूगरांची उसळ शिजते. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला एक शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारतो आणि त्याच्याइतकं आपलं दुसरं काही वाटत नाही. पगार, चावी, घमेलं हे शब्द पोर्तुगिजांचे. काजू मात्र त्यांचाही नव्हे, तो त्यांनी वाटेत उचललेला.

त्याच तुपी भाषेत त्या मोठ्या पोपटाला म्हणतात अरारा. त्याच्याच ओरडण्यावरून. शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या एका गटाला 'आरा' हे लॅटिन नाव दिलं ते यातूनच. ब्राझीलमध्ये आजही शाळकरी मूल अराराच म्हणतं. आपल्याकडे अरारा हा हळहळीचा उद्गार. काजू आला, अननस आला, अरारा आला नाही. बी खिशात घालून आणता येते, कातळाच्या कडेला टाकली तरी रुजते. पक्ष्याला मात्र जंगल लागतं, जुनी पोकळ झाडं लागतात, जोडीदार लागतो. ते जहाजावर चढत नाही. जहाजांवरून अमेरिकेतला एक पक्षी मात्र नक्की आला होता. 1612 साली मुकर्रबखानानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी टर्की नेली आणि उस्ताद मन्सूरनं तिचं चित्र काढलं. ती कोंबडीच्या जातीची, अंगणात राहणारी. अराराचं तसं नव्हतं.

मकाऊ हे नाव पोर्तुगीज. चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊ शहराशी त्याचा संबंध नाही. एका मताप्रमाणे ते मकाऊबा नावाच्या झाडावरून आलं, ज्याची कठीण फळं हे पक्षी फोडून खातात. मकाऊबा हा एक प्रकारचा माडच. अंगभर काटे असलेला माड. हे वाचल्यावर मला एकदम तो पक्षी ओळखीचा वाटायला लागला. माडावरचा पोपट. आमच्याकडचाही माडावरचाच.

*

माझी मावशी लालबागला राहते. काका गिरणीत होते. मालवण तालुक्यातल्या निम्म्या घरांचं असं एक दुसरं घर लालबाग-परळ-भायखळ्यात असतं, आणि त्या घरी गेलेल्या प्रत्येक पोराला एकदा तरी राणीच्या बागेत नेतात. 1862 साली उघडलेली ही बाग. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण मावशी राणीची बागच म्हणते.

2021 च्या जूनमध्ये या बागेतल्या एका पक्ष्याची बातमी जगभर छापून आली. निळा-पिवळा मकाऊ, बागेच्या मालकीचा नसलेला. तो मोकळा होता. रोज सकाळी कुठूनतरी उडत यायचा आणि ज्या पक्षीगृहात दुसरे मकाऊ आहेत त्याच्या जाळीपाशी घिरट्या घालायचा. जाळीवर बसायचा, ओरडायचा, आतून उत्तर यायचं. मग निघून जायचा. असं सुमारे पंधरा वर्षं चाललं होतं. एके काळी मुंबईत असे आणखी मोकळे मकाऊ होते, ते एकेक करून नाहीसे झाले, हा एकटा उरला. बागेतल्या माणसांनी त्याचं नाव ठेवलं ज्युलिएट. मादी आहे असं धरून ठेवलेलं नाव. या पक्ष्यांत नर-मादी दिसायला सारखेच, रक्त किंवा पीस तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

मी त्यानंतर बागेत गेले तेव्हा मावशीलाही घेऊन गेले. पक्षीगृहाशी आम्ही बराच वेळ उभ्या होतो. आत दोन निळे-पिवळे मकाऊ एका फांदीवर चिकटून बसलेले. पाठ आकाशाच्या निळ्या रंगाची, पोट पिकल्या बोंडूसारखं पिवळं. गालावरची कातडी उघडी, पांढरी, तिच्यावर बारीक काळ्या पिसांच्या ओळी, कोणी बोरूनं रेघा ओढाव्यात तशा. या रेघा प्रत्येक पक्ष्याच्या वेगळ्या असतात. त्यातला एक दुसऱ्याच्या मानेतली पिसं चोचीनं उसवत होता. काजूच्या बीपेक्षा टणक कवची फोडणारी ती चोच, आणि काम इतकं हळुवार की पापणीजवळचं पीसही मोडत नव्हतं.

"गो, हो तर काकाकुवो!" मावशी म्हणाली.

मी तिला ज्युलिएटची गोष्ट सांगितली. ती वर आकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेका घर नाय काय गो?"

त्या दिवशी बाहेरचा पक्षी आला नाही.

हे पक्षी जंगलात जोडीनं उडतात, पंखाला पंख लागेल इतके जवळून. मोठ्या थव्यातही कोण कोणाचं ते ओळखू येतं. जोडी सहसा आयुष्यभराची. पाळलेला मकाऊ पन्नास वर्षांवरही जगतो. म्हणजे चाळिशीतल्या माणसानं हौसेनं घेतलेला पक्षी त्याच्या मुलांच्या वाट्याला येणार, आणि मुलांना हौस असेलच असं नाही. जवळजवळ किलोभराचा, हातभर लांब, आणि आवाज असा की दोन चाळी पलीकडे जावा. कधी दार उघडं राहतं, कधी कंटाळून कोणी सोडून देतं. मुंबईत मोकळा मकाऊ येतो तो असा कोणाच्या तरी पिंजऱ्यातून. ज्युलिएट पंधरा वर्षं हजारो मैलांवरच्या जातभाईंना भायखळ्यात भेटत राहिली, कारण तिला दुसरं कोणी नव्हतं.

*

त्यांचं खरं घर कसं आहे हे एका बाईच्या कामामुळे मला कळलं. ब्राझीलच्या जीवशास्त्रज्ञ नेव्हा गेदेस. 1990 पासून त्या पंतनाल या प्रचंड पाणथळ प्रदेशात गडद निळ्या मकाऊवर काम करतायत. हा जगातला सर्वांत लांब पोपट, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे एक मीटर. त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा पंतनालमध्ये साधारण दीड हजार पक्षी उरले होते. पाळण्यासाठी धरून नेणं आणि झाडं तुटणं, दोन्हींनी घात केला होता.

गेदेस यांनी झाडं मोजली. या मकाऊची नव्वद टक्क्यांहून अधिक घरटी एकाच जातीच्या झाडात असतात. मांदुवी. आपल्या सह्याद्रीतला पांढऱ्या खोडाचा कांडोळ याच वंशातला. मांदुवीचं लाकूड मऊ, पण घरट्याजोगी ढोली व्हायला झाड निदान साठ वर्षांचं व्हावं लागतं. गुरांच्या कुरणासाठी ते तोडलं तर साठ वर्षं घर नाही. मग त्यांनी लाकडी पेट्या बनवून झाडांना बांधल्या, जुन्या ढोल्या दुरुस्त केल्या, पशुपालकांच्या घरी जाऊन बसल्या. पक्ष्यांची संख्या वाढत पाच हजारांच्या आसपास गेली, आणि 2014 साली हा पक्षी संकटग्रस्त यादीत एक पायरी खाली, म्हणजे कमी धोक्याच्या बाजूला सरकला. 2020 मध्ये पंतनालला मोठे वणवे लागले, तेव्हा त्याच बाई जळलेल्या झाडांखाली पुन्हा हिशेब मांडायला उभ्या होत्या.

यातली एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. मांदुवीच्या बिया रानभर पसरवण्याचं मुख्य काम टूकान नावाचा मोठ्या चोचीचा पक्षी करतो. तोच टूकान मकाऊची अंडी खातो. म्हणजे घरं लावणारा आणि घर फोडणारा एकच. त्याला हाकललं तर पुढे ढोली कुठे राहणार? जंगलाचे असे व्यवहार बाहेरून बघणाऱ्याला कळत नाहीत.

लहान निळा स्पिक्स मकाऊ तर गेलाच होता. 2011 च्या 'रिओ' या चित्रपटातला ब्लू ज्यानं पाहिलाय त्याला हा पक्षी माहीत आहे. जंगलातला शेवटचा नर 2000 साली दिसेनासा झाला. 2019 मध्ये तो निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माणसांकडे पिंजऱ्यात वाढलेल्यांपैकी आठ पक्षी जून 2022 मध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पुन्हा सोडले. त्यांना रान कसं वापरायचं हे दाखवायला दुसऱ्या जातीचे, रानात राहिलेले मकाऊ सोबत दिले होते.

*

आता कायद्याचं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. देशी पोपट धरणं, विकणं, पाळणं हा त्याखाली गुन्हा, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत गेला. परदेशी पक्ष्यांना हा कायदा बरीच वर्षं लागूच नव्हता, त्यामुळे हिरवा पोपट लपवून विकला जायचा आणि मकाऊ उघड. 2022 च्या दुरुस्तीनं आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे असा पक्षी ज्याच्याकडे आहे त्यानं त्याची नोंदणी करायला हवी. नोंद असेल तर मकाऊ पाळता येतो. मला हे अपुरं वाटतं. नोंद कागदावर होते. त्यानं पक्ष्याला जोडीदार मिळत नाही आणि उडायला जागाही मिळत नाही. पण निदान कोणाच्या घरी काय आहे हे तरी कळेल.

ओळखीतल्या एका मुलानं मध्यंतरी मला विचारलं, मकाऊ घेऊ का? मुंबईत नोकरी, पगार चांगला. मी त्याला नाही म्हटलं नाही. विचारलं, तू दिवसातून किती तास घरी असतोस? त्यानं हिशेब केला आणि गप्प झाला.

देशी पोपटांबद्दल मात्र मला गप्प बसवत नाही. मिठू ज्या ढोलीतून आला तो माड पुढे सरपणासाठी तोडला. वठलेला माड म्हणजे वाया गेलेला माड असं आमच्याकडे धरतात. पण सुतार पक्ष्यानं कोरलेलं भोक त्याच बुंध्यात असतं आणि पोपट स्वतः भोक कोरत नाहीत, दुसऱ्याच्या भोकात संसार थाटतात. ब्राझीलला साठ वर्षांचं मांदुवी लागतं, आम्हाला एक मेलेला माड पुरतो. परसाच्या कडेला घरावर पडणार नाही असा एखादा ठेवता येतो. आमच्या वाडीत दोन ठेवलेत.

आणि त्यांना नावं आहेत, ती जरा वापरावीत. गोव्याच्या कोकणीत पोपट म्हणजे कीर. जुन्या मराठीत रावा. आणि राघू. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट धरायच्या नळीचा दृष्टांत आहे. दोरीत ओवलेली नळी. तिच्यावर पोपट बसला की त्याच्या भारानं ती फिरते, तो उलटा लटकतो, घाबरून नळी आणखी घट्ट धरतो आणि आपण बांधलेले आहोत असं समजून उडतच नाही. पुढे दोन बोटं, मागे दोन, अशा त्या पायांची पकड बघितल्याशिवाय हा दृष्टांत सुचणार नाही. पक्ष्यांच्या नावांचा ध्यास घेतलेले मारुती चितमपल्ली 2025 साली आपल्यातून गेले. त्यांचा 'पक्षीकोश' ज्या घरात आहे तिथल्या मुलांना सगळे हिरवे पक्षी सारखे दिसत नसतील.

कारण सारखे ते नाहीतच. गळ्यात गुलाबी कंठ असलेला नेहमीचा. खांद्यावर लाल डाग असलेला थोराड, ज्याला इंग्रजीत सिकंदराचं नाव आहे. जांभळट-लाल डोक्याचा, चणीनं लहान. सह्याद्रीशिवाय जगात कुठेही नसलेला निळ्या पंखांचा मलबारी पोपट, जो आंबोलीच्या धुक्यात आणि तिलारीच्या रानात दिसतो. तिलारीचं 29.53 चौरस किलोमीटर रान 2020 साली संवर्धन राखीव झालं, त्यात त्याचाही वाटा सुरक्षित झाला. आणि चिमणीएवढा लटकण पोपट, जो वटवाघळासारखा उलटा टांगून झोपतो.

परसात पडलेलं एक शेपटीचं पीस मी वहीत ठेवलंय. वरून निळसर, कडेला हिरवट-पिवळं. उजेडाकडे पाठ करून धरलं की निळा झळकतो. उजेडासमोर धरलं की विझतो. पोपटाच्या पिसात निळा रंग असा नसतोच. पिसाच्या आतल्या सूक्ष्म जाळीवर उजेड आदळून निळा दिसतो. पिवळा आणि लाल मात्र खरे रंग, फक्त पोपटांच्याच शरीरात तयार होणारे. निळ्यावर पिवळा चढला की हिरवा. मकाऊच्या पाठीतलं निळं आणि आमच्या पोपटाच्या शेपटीतलं निळं एकाच कारागिरीचं. पांढऱ्या काकाकुव्याच्या पिसात ती जाळी नाही, म्हणून त्याच्या कुळात कोणी हिरवं किंवा निळं होत नाही. म्हणजे आमच्या शाळेच्या तक्त्यानं ज्याचं नाव त्या रंगीत पक्ष्याला दिलं, त्याला तो रंग कधीच मिळणार नव्हता.

आश्विनात भात पिकायला लागलं की पोपट उतरतात. दाणा दाणा टिपत नाहीत, अख्खी लोंबी कापतात. काकी पहाटेच मळ्यात जाऊन बसते. परवा मीही तिच्याबरोबर गेले. दव इतकं होतं की बांधावर बसता येईना. पहिल्यांदा आवाज आला, मग डोंगराच्या बाजूनं थवा वळसा घेऊन खाली आला आणि पिवळ्या भातात मिसळून दिसेनासा झाला. लोंब्या हलत होत्या, वारा नव्हता.

"भात खाल्ल्यानी मेल्यांनी," काकी म्हणाली, पण उठली नाही. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच बघत राहिलो. मग तिनं घमेलं उचललं आणि दगडानं वाजवलं. थवा एकदम उठला. मी मोजायला लागले, एकतीसपर्यंत मोजले, पुढचे माडांच्या मागे गेले. त्यातले दोघं लहान होते, डोकी तांबूस, आवाज बारीक. ते थव्याबरोबर गेले नाहीत. बांधावरच्या वठलेल्या माडाला एक चक्कर मारून त्याच्या भोकाशी उतरले. एकाच्या चोचीत लोंबी होती.